शिराझची निवडणूक अधिकारी

मी तिला घर दिलं ते तिच्या फाइलमुळे.

विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत, आमच्याच चौथ्या मजल्यावर, समोरचा छोटा फ्लॅट आम्ही मुलीसाठी घेऊन ठेवला होता. मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूला गेली आणि तो रिकामा पडला. घर बघायला बरेच जण आले. एक जण तर आधार कार्डाची झेरॉक्सही न घेता आला होता. मी भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं नोकरी केली आहे. कागद न घेता येणाऱ्या माणसाला मी पाणी देते, घर देत नाही.

ती आली तेव्हा तिच्या हातात निळी फाइल होती. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं पत्र, पोलिसांकडच्या नोंदणीचा कागद. सगळं क्रमाने लावलेलं, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि सगळ्यात वर टाइप केलेली अनुक्रमणिका. वय सव्वीस. गाव शिराझ, देश इराण. भूजलावर संशोधन करायला पुण्यात आली होती. म्हणजे मी आयुष्यभर जमिनीचा वरचा भाग मोजला आणि ती खालचा मोजत होती.

"अनुक्रमणिका कुणी मागितली होती?" मी विचारलं.

"कुणी नाही. पण माझा पासपोर्ट बघितला की लोक पुढचे सगळे कागद मागतात. कुठल्याही देशात. म्हणून मी आधीच देऊन टाकते."

माझ्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. तो स्वारगेटच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होता. आयुष्यभर माइकवर बोलून झाल्यामुळे घरात तो मोजकंच बोलतो. "ही तुझीच कुणीतरी लागते," तो म्हणाला. "देऊन टाक घर."

ती हिंदी, इंग्रजी आणि माझ्याकडून उचललेलं मराठी असं सगळं मिसळून बोलायची. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे, पण तिचं बोलणं याहून जास्त गमतीचं होतं हे लक्षात असू द्यावं. महिन्याभरात मी काकू झाले आणि नवरा काका.

इराण म्हटलं की इमारतीत प्रत्येकाला एकेक गोष्ट माहीत होती. तळमजल्यावरच्या अध्यक्षांना तेल. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलांना क्षेपणास्त्रं. माझ्या नवऱ्याला कॅम्पातला इराणी चहा. तो मोठ्या अभिमानाने तिला तिथे घेऊन गेला. दूध घातलेला तो दाट चहा तिने शेवटपर्यंत प्यायला आणि म्हणाली, "छान आहे, काका. पण इराणमध्ये अजून ही बातमी पोचलेली नाही."

घरी आल्यावर मात्र ती मला म्हणाली, "काकू, मला सगळे बॉम्बबद्दल विचारतात. माझ्या गावात आता नारिंगाच्या झाडांना फुलं आली असतील. सगळ्या गल्ल्यांना वास येतो. त्याबद्दल अजून एकाही माणसाने विचारलं नाही."

"मग सांग ना," मी म्हटलं. तिने पाऊण तास सांगितलं. माझी आमटी करपली.

तिने सेकंड हँड स्कूटर घेतली तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी केस मोकळे सोडून, गाणं म्हणत निघाली. नवरा गॅलरीतून ओरडला, "अगं, हेल्मेट! डोकं झाक!" ती थांबली, वर बघितलं आणि इतकी हसली की स्कूटर कलली. "काका, मी अडीच हजार किलोमीटर लांब आले, तरी डोकं झाकायला सांगणारा माणूस भेटलाच!"

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे वेगळाच प्रश्न घेऊन आली. आपल्याकडच्या मुली स्कूटरवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नुसते डोळे उघडे ठेवतात, ते तिने आळंदी रस्त्यावर पाहिलं होतं. तिला तो धक्काच होता.

"हे कुणाच्या हुकमाने?"

"हुकूम कसला? धुळीसाठी. उन्हासाठी. कधी कधी मित्राच्या मागे बसलेलं काकाने ओळखू नये म्हणून."

"आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावर काढतात आणि पर्समध्ये टाकतात."

ती म्हणाली, "आमचं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे. पर्समध्ये टाकता आला पाहिजे." तिच्या देशात मुली रस्त्यावर उतरल्या तेव्हा तीही होती. तिच्या वर्गातली एक मैत्रीण त्यानंतर बरेच महिने घरी आली नाही. यापलीकडे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती उठली आणि माझ्या कणकेत पाणी जास्त झालंय असं म्हणाली. झालंच होतं.

मार्च महिन्यात त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. तिने विचारलं, गच्चीवर चार मित्रमैत्रिणी बोलावू का? मी इमारतीच्या समितीची चिटणीस. आठ वर्षं. मी परवानगी दिली आणि वहीत तशी नोंदही केली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोन मुलगे आणि दोन मुली आल्या, सगळी पुण्यातच शिकणारी. चादरीवर त्यांनी आरसा, सफरचंदं, लसूण, आणि ताटलीत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर मांडले. आपल्या घटाचे असतात तसेच. गाणी लावली, नाचली. मी आणि नवरा खुर्च्या टाकून बसलो होतो.

जेवण झालं आणि भांडण सुरू झालं. फारसीत. हातवारे इतके मोठे की नवऱ्याने आपला चहाचा कप उचलून मांडीवर घेतला. ती मधूनमधून आम्हाला भाषांतर करून सांगत होती. एका मुलाला जुन्या राजाच्या घराण्यातलं कुणीतरी परत यायला हवं होतं. त्याच्या समोरची मुलगी म्हणत होती, एक मुकुट काढला तो दुसरा घालायला का? निवडून दिलेली माणसं हवीत, बस. दुसरा मुलगा तावातावाने म्हणत होता की आधी बाहेरच्या देशांनी निर्बंध आणि बॉम्ब आवरावेत, मग आमचं घर आम्ही झाडू. चौथी मुलगी म्हणाली की गाणं मध्येच बंद केलंत याचा मला जास्त राग आला आहे.

"पाच जण, सहा मतं," नवरा म्हणाला. "काळजी नको. तब्येत ठणठणीत आहे तुमच्या देशाची."

"तुझं काय म्हणणं?" मी तिला विचारलं.

"मला हे भांडण घरी करायचंय, काकू. शिराझमध्ये, आमच्या बागेत, मोठ्या आवाजात. इथे विश्रांतवाडीत जिंकून काय उपयोग?"

मोठा आवाज मात्र विश्रांतवाडीतच झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीच्या दाराला कुलूप दिसलं. शेजारी अध्यक्षांच्या अक्षरात पाटी: "गच्ची ही गच्ची आहे. मैदान नव्हे. किल्ली मिळणार नाही. विचारू नये."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनिअर, तळमजल्यावर राहायचे. माणूस कष्टाळू. पाण्याची टाकी स्वतः उतरून साफ करून घेणारा. पण बारा वर्षं दरवर्षी "एकमताने" निवडून आल्यामुळे इमारत आपलीच आहे असं त्यांना वाटू लागलं होतं. आणि एकमत कसं व्हायचं, तर सभेला सहा जण यायचे, अध्यक्ष म्हणायचे, "मग मीच राहू ना?" आणि सहाही जण चहाकडे बघायचे.

कुलूप सगळ्यात जास्त लागलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींना. त्यांना सगळी इमारत भाभीच म्हणते. मूळच्या कसबा पेठेतल्या, तिथल्या जुन्या मुसलमान घराण्यातल्या, आणि मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध. दोन वर्षांपूर्वी पती गेले. त्या घरीच ब्लाउज आणि कुडते शिवतात. नवं कापड शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवावं लागतं, ते त्या गच्चीवर वाळवायच्या. त्या अध्यक्षांकडे किल्ली मागायला गेल्या. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचली मी," भाभी म्हणाल्या. "शुद्धलेखन बरं आहे आपलं. या वर्षी मी अध्यक्षपदाला उभी राहते आहे, तेवढं वहीत लिहून घ्यायला सांगा."

इमारतीला निवडणुकीची सवयच नव्हती. आता ती घ्यायची कुणी? अध्यक्षांच्या बाजूचा माणूस भाभींना चालेना, भाभींच्या बाजूचा अध्यक्षांना. सभेत अर्धा तास यावरच गेला. शेवटी माझा नवरा, जो सभेत कधी बोलत नाही, म्हणाला, "जिला मतच नाही, तिच्याकडे पेटी द्या. आमची भाडेकरू आहे की. परदेशी आहे, तटस्थ आहे आणि अनुक्रमणिका करते."

आधी सगळे हसले. मग हसता हसता सगळ्यांच्याच लक्षात आलं की याहून बरं माणूस नाही. तिला वरून बोलावलं. काय करायचं ते सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "नियम लिहिलेले आहेत का?" मी तिला नियमावली दिली. दोन दिवस तिने ती शब्दकोश घेऊन वाचली.

आता जे सांगते ते मला शोभणारं नाही, पण झालं तसं सांगते.

नियमावलीत एक कलम होतं: उमेदवाराच्या नावावर फ्लॅट असला पाहिजे. भाभींचा फ्लॅट अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर होता. सासरे गेले, पती गेले, वारस नोंद झालीच नव्हती. हे मला कुणी सांगितलं नाही. मी स्वतः कपाट उघडून, जुन्या नोंदी काढून शोधलं. चौतीस वर्षं मी हेच करत आले होते. चूक सापडली की मला आनंद होतो. आणि खरं लिहायचं तर आणखी एक कारण होतं. वर्षभरापूर्वी माझ्या कुंड्यांचं पाणी भाभींच्या गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर ठिबकलं होतं आणि त्या जिन्यात, चार जणांदेखत, म्हणाल्या होत्या, "कागद नीट ठेवता, कुंड्या कधी ठेवणार?" ते मी विसरले नव्हते.

मी रीतसर लेखी हरकत घेतली आणि निवडणूक अधिकाऱ्यांना, म्हणजे समोरच्या दारात, नेऊन दिली.

तिने कागद वाचला. "हरकत," ती हळूच म्हणाली. "आमच्या भाषेत हरकत म्हणजे हालचाल. पुढे सरकणं. तुमच्याकडे अडवणं?"

"आमच्याकडे अडवणं."

"मला एक दिवस द्या, काकू."

तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, कामाचा ताण. पण कारण दुसरंच होतं. त्याच सकाळी तिच्या देशातलं इंटरनेट बंद पडलं होतं, फोनही लागत नव्हते. तिकडे पुन्हा गडबड सुरू झाली होती. शिराझमध्ये तिची आई एकटी होती आणि तिचा आवाज ऐकायची काहीच सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले आणि हातात माझा कागद.

"काकू, आमच्याकडे निवडणूक होते, तुम्हाला माहीत आहे? रांगा असतात. पेट्या असतात. टीव्हीवर दाखवतात. फक्त कोण उभं राहायचं ते बारा माणसं आधी ठरवतात. ते कधी म्हणत नाहीत की तू आम्हाला आवडत नाहीस. ते म्हणतात, तुझ्या कागदात काहीतरी कमी आहे."

तिने हातातला माझा कागद उलगडला.

"तुमचा कागद बरोबर आहे. मी तीन वेळा वाचला. भाभींचं नाव काढावं लागेल, मी काढीन. पण मग पेटी दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी ती धरणार नाही."

तिने कागद टेबलावर ठेवला आणि गेली. मला संताप आला. माझ्याच घरात राहणारी, कालची पोरगी! मी नवऱ्याला म्हटलं, "नियम म्हणजे नियम, नाही का हो?"

"आहेच," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं मी गाड्या वेळेवर सोडल्या. कधी कधी एखादी बाई पोर घेऊन पळत येताना दिसायची. तेव्हा माझं घड्याळ अर्धा मिनिट मागे असायचं." आणि पुन्हा पेपरात शिरला.

मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. तिथे उभी असताना मला माझे वडील आठवले. ते खडकीच्या कारखान्यात कामगार होते. तरुणपणी त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि आम्हा भावंडांना शाई लावलेलं बोट दाखवायचे. त्यांच्या वडिलांना, माझ्या आजोबांना, गावच्या बैठकीत बसू देत नसत. दूर उभं राहून, काय ठरलं ते ऐकायचं आणि निघायचं. तेव्हाही कुणी ना कुणी नियमच सांगत असणार. त्या गावातही एखादा कारकून असेलच, वही नीट ठेवणारा.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला, आत आले आणि हरकतीच्या कागदावर लिहिलं: "मागे घेत आहे." खाली सही, तारीख. सवय जात नाही.

मग तिसऱ्या मजल्यावर गेले. भाभी मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं, कपाटापासून. त्यांनी मशीन थांबवलं नाही. बाही पूर्ण झाली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "बरं झालं, आपणच सांगितलंत. बसा. आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवा."

"ठेवते. आणि तुमच्या वारस नोंदीचे कागद आणा. मी करून देते."

"निवडणूक झाल्यावर. नाहीतर लोक म्हणतील, उमेदवाराने चिटणिसाला फोडलं."

मी हे वर येऊन तिला सांगितलं. तिने मला दारातच मिठी मारली. मग लगेच मागे झाली आणि अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाली, "काकू, मला पडदा लागेल. आणि झाकणाला फट असलेला डबा."

रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये मतदान झालं. अध्यक्ष म्हणत होते, "पडदा कशाला? आपण घरचीच माणसं. हात वर करा की झालं." ती म्हणाली, "सर, घरच्यांच्या समोरच हात वर करणं सगळ्यात अवघड असतं." दोन स्कूटरच्या मध्ये साडी बांधून तिने आडोसा केला. आमचा तांदळाचा स्टीलचा डबा तिने आधी उघडून, उलटा करून, रिकामा असल्याचं दोघा उमेदवारांना दाखवलं. त्यातून चार तांदूळ पडले. "हे मोजायचे नाहीत," ती गंभीरपणे म्हणाली.

प्रत्येक फ्लॅटला एक मत. सोळातला एक फ्लॅट बंद, म्हणजे पंधरा. सभेला कधी न फिरकणारे लोक आंघोळ करून, परीटघडीचे कपडे घालून आले. पाचव्या मजल्यावरचे आजोबा चिठ्ठी घेऊन आडोशाआड गेले ते पाच मिनिटं बाहेर येईनात. अध्यक्ष चुळबुळायला लागले. "त्यांना वेळ घेऊ द्या," ती म्हणाली. तिचा फोन टेबलावर डब्याच्या शेजारीच पालथा ठेवलेला होता. दोन मतदारांच्या मध्ये ती तो उचलायची, आईचा नंबर लावायची, ऐकायची आणि खाली ठेवायची. मग पुढचं नाव पुकारायची. आवाज एकदाही बदलला नाही. तिकडचे फोन बंद पडल्याचा आठवा दिवस होता तो.

तिच्या फ्लॅटचं मत नवऱ्याने आणि आमच्या घराचं मी दिलं. कुणाला दिलं ते इथे लिहिणार नाही. पडद्यामागे साडीच्या निऱ्या दिसत होत्या आणि मला उगीचच वाटलं की शर्टाला इस्त्री केलेले वडील बाहेर रांगेत उभे आहेत.

मोजणी सगळ्यांसमोर. एकेक चिठ्ठी उघडायची, दोन्ही उमेदवारांना दाखवायची, मग नवरा डेपोतल्या आवाजात नाव पुकारायचा. एका चिठ्ठीवर खुणेशेजारी लिहिलेलं होतं, "आधी लिफ्ट दुरुस्त करा." अध्यक्ष म्हणाले, बाद. भाभी म्हणाल्या, बाद कशी? तिने चिठ्ठी उजेडात धरली. "खूण स्पष्ट आहे. मत वैध. सूचना लिफ्टवाल्याला कळवू."

शेवटी आठ आणि सात. अध्यक्ष एका मताने जिंकले.

मी तिच्याकडे बघितलं. ती भाभींकडे बघत होती. भाभींनी पदर सावरला, अध्यक्षांच्या समोर जाऊन म्हणाल्या, "अभिनंदन. सात आठवणीत ठेवा." अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं होतं की सात दारांमागे आपल्याविरुद्ध माणसं राहतात, आणि ती कुठली सात हे कधीच कळणार नव्हतं. त्यांच्या बायकोने जिलबी आणली होती. सगळ्यांत पहिली त्यांनी भाभींना दिली. भाभींनी खाल्ली आणि पाक कच्चा आहे म्हणाल्या.

"आता भाभींचं काय होणार?" तिने मला हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"हरल्या ना. आता त्यांचं काय?"

"काही नाही. वर जातील. बुधवारी एक लग्नाचा ब्लाउज द्यायचा आहे, तो शिवतील."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अद्भुत सांगितलं आहे. "हरल्या, आणि वर जाऊन ब्लाउज शिवणार," ती म्हणाली. आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, स्कूटरचं हँडल धरून हसली. लोक बघायला लागले. नवऱ्याने तिच्या हातात जिलबीची बशी दिली.

गच्चीचं कुलूप त्याच आठवड्यात निघालं. पाटी मात्र तशीच राहिली, फक्त "विचारू नये" मधलं "नये" खोडून कुणीतरी "यचं असल्यास तळमजला" असं लिहिलं. व्याकरण जुळत नव्हतं, पण अक्षर अध्यक्षांचंच होतं.

बुधवारी दुपारी मी वरण ढवळत असताना समोरच्या फ्लॅटमधून किंकाळी आली. मी पळी घेऊनच धावले. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसली होती, फोन दोन्ही हातांत, आणि पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई रडत होती, हसत होती, काहीतरी ओरडत होती. मी परत फिरणार तेवढ्यात तिने मला ओढून शेजारी बसवलं. आईला मराठी येत नव्हतं, मला फारसी येत नव्हतं. आम्ही एकमेकींना हात हलवत राहिलो. माझ्या हातात पळी होती.

आईने विचारलं असावं, इतके दिवस काय केलंस? तिने उत्तर दिलं. मग आईने पुन्हा विचारलं. तिने बोटांवर आठ आणि सात करून दाखवलं. आई अशी हसली की पडद्यात फक्त छत दिसायला लागलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मी इथे काळजीने अर्धी झाले आणि माझी मुलगी भारतात जाऊन निवडणूक घेत होती. आणि विचारते, हरलेली बाई कशी आहे."

"चल, दाखवू तिला."

आम्ही फोन घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. लग्नाचा ब्लाउज अजून मशीनवरच होता. भाभींनी चष्मा वर करून शिराझच्या बाईला नमस्कार केला, सलामही केला, आणि मग शिवणाऱ्या माणसाच्या नजरेने तिच्याकडे बघितलं.

"यांना एक कुडता शिवून देते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे निळं सुती कापड आहे, या रंगाला शोभेल. माप विचार."

तिने आईला सांगितलं. आई उत्साहाने म्हणाली, "अंदाझे?"

भाभींचा चेहरा बदलला. "अंदाजे नाही! अंदाजे मी कधीच शिवत नाही. नीट माप घ्यायला सांगा."

"भाभी, ती तेच म्हणते आहे! आमच्याकडे अंदाझे म्हणजेच माप!"

मग शिराझमधल्या त्या बाईने शेजारणीला बोलावलं, शेजारणीने टेप आणला आणि पुढचा अर्धा तास छाती, खांदा, बाही, उंची असं एकेक माप घेऊन ओरडून सांगितलं. मुलगी भाषांतर करत होती, मी भाभींच्या वहीत लिहून घेत होते. प्रत्येक आकड्याची मी दोनदा खातरजमा केली. मध्येच दोनदा फोन तुटला, दोनदा पुन्हा लागला.

"गळा किती?" भाभींनी शेवटी विचारलं. "बंद, की खोल?"

भाषांतर झालं. पलीकडे त्या दोघी एकमेकींकडे बघून काहीतरी कुजबुजल्या. मग आई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि दोनच वाक्यं बोलली. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"काय?" भाभींनी पेन्सिल कानामागून काढत विचारलं.

"खोल म्हणते. चांगला खोल. घरात घालीन म्हणते, आणि पुढेमागे बाहेरही."

भाभींनी "खोल" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

कुडता तिच्या एका मैत्रिणीबरोबर गेला आणि पोचायला दीड महिना लागला. खांद्यात बोटभर सैल झाला, असा निरोप आला. भाभींना ते मान्य नाही. त्या म्हणतात, टेप धरणाऱ्या शेजारणीची चूक आहे.